कोथरूड ते खराडी, रोज: एम2 मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बीएमडब्ल्यू एम2 घेण्याचे नक्की झाले आहे, आणि ही गाडी आपल्याकडे सहा गिअरच्या मॅन्युअलमध्येही मिळते आणि आठ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्येही. रोज कोथरूडहून खराडीला जाऊन यायचे आहे, महिन्यातला एखादा रविवार ताम्हिणी किंवा महाबळेश्वरसाठी राखलेला आहे, घरात दुसरी गाडी राहणार नाही आणि पत्नीही हीच गाडी चालवणार आहेत. आपले मन मॅन्युअलकडे ओढ घेते आहे आणि मित्रमंडळी ऑटोमॅटिक घ्या म्हणून सांगत आहेत. मी पुण्यात 26 वर्षे क्लच आणि गिअरबॉक्सचे काम करतो आहे, त्यामुळे गाडी चालवताना जे कळते त्याहून जास्त मला ती लिफ्टवर चढवून, गिअरबॉक्स खाली उतरवून, आतली क्लच प्लेट हातात घेतल्यावर कळलेले आहे, आणि माझे उत्तर त्याच अनुभवावर उभे आहे.

आपल्या परिस्थितीत मी ऑटोमॅटिक घेईन. मात्र मित्रांनी जी कारणे सांगितली असतील, म्हणजे ती जास्त वेगवान आहे, मॅन्युअल आता जुनी झाली, पुढे विकताना त्रास होईल, त्यांतले एकही कारण मला महत्त्वाचे वाटत नाही.

वेगाचे आधी बाजूला करू. सध्याच्या एम2मध्ये तीन लिटरचे सहा सिलिंडरचे ट्विन टर्बो इंजिन आहे आणि ते 480 अश्वशक्ती देते. शून्यापासून ताशी 100 किलोमीटरपर्यंत जायला ऑटोमॅटिकला 4.0 सेकंद लागतात आणि मॅन्युअलला 4.2. हा दोन दशांश सेकंदांचा फरक कर्वे रस्त्यावर कोणालाही जाणवणार नाही. द्रुतगती मार्गावर वेगमर्यादाच ताशी 100 आहे आणि ही गाडी तिसऱ्या गिअरमध्येच ती ओलांडते. तेव्हा वेगासाठी गिअरबॉक्स निवडणे म्हणजे जे कधी वापरायचे नाही त्याचा हिशेब मांडणे होय.

खरा हिशेब ताशी 0 ते 30 किलोमीटर या पट्ट्यात मांडायला हवा, कारण गाडीचे आयुष्य तिथे जाते. आपला मार्ग मला पाठ आहे: नळ स्टॉप, डेक्कन, संगम पूल, बंडगार्डन, येरवडा आणि मग नगर रस्ता. अंतर साधारण 18 किलोमीटर, आणि संध्याकाळी परत येताना सव्वा तास सहज मोडतो. या सव्वा तासात दर पंधरा सेकंदांनी एकदा जरी क्लच दाबावा लागला, तरी तो 300 वेळा दाबला जातो. सकाळची फेरी त्यात धरलेली नाही. शिवाय दाबणे हा प्रश्न नाहीच. डावा गुडघा धडधाकट असेल तर पाय सवयीने तयार होतो. क्लच झिजतो तो अर्धवट सोडलेल्या अवस्थेत, ज्याला आपण सगळेच हाफ क्लच म्हणतो, आणि पुढच्या गाडीमागे हातभर, पुन्हा हातभर सरकताना तो सतत त्याच अवस्थेत असतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अशाच एका ताकदवान मॅन्युअल गाडीचा क्लच उघडला गेला. गाडी जेमतेम 19 हजार किलोमीटर चालली होती. मालक चांगले, जपून चालवणारे गृहस्थ होते. त्यांनी कधी गाडी रेसमध्ये पळवली नव्हती की टायर जाळले नव्हते. गिअरबॉक्स उतरवताच जळक्या अस्तराचा तो आंबूस वास आला, जो एकदा नाकात बसला की विसरता येत नाही. क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटवर जागोजागी निळसर-जांभळे डाग पडले होते, लोखंड तापून पुन्हा थंड होत गेले की पडतात तसे, आणि प्लेटचे अस्तर रिव्हेटपर्यंत उतरले होते. मी त्यांना एवढेच विचारले की आपली पार्किंगची जागा कुठे आहे. ती दोन तळघरे खाली होती, रॅम्प उभा चढाचा आणि मध्ये काटकोनात वळण. रोज सकाळी थंड इंजिनावर, वळणापाशी थांबून, समोरून कोणी येत नाही ना हे पाहून, हाफ क्लचवर गाडी धरून ते वर येत. क्लच घाटात गेला नव्हता की वाहतूक कोंडीत गेला नव्हता, तो घराच्या दारातच गेला होता.

म्हणून माझ्याकडे जो कोणी हा प्रश्न घेऊन येतो, त्याला मी आधी रॅम्पबद्दल विचारतो. आपल्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही. पार्किंग जमिनीवर असेल तर मॅन्युअलचे पारडे थोडे जड होते. तळघरात असेल आणि विशेषतः गाडी उलटी वर घ्यावी लागत असेल, तर ते बरेच हलके होते. रिव्हर्सचा गिअर जवळपास पहिल्याइतकाच खालचा असला तरी उलटे चढताना माणूस मान वळवून, आरसे बघत, अंदाज घेत जातो, म्हणजे क्लच कधी पूर्ण सोडतच नाही. चढावर गाडी मागे घसरू नये म्हणून आताच्या गाड्या ब्रेक एक-दोन सेकंद स्वतः धरून ठेवतात. त्या सोयीने चालवणाऱ्याची भीती जाते, क्लचची झीज मात्र जात नाही.

आता ऑटोमॅटिकबद्दल. हा शब्द एकच असला तरी त्याच्या पोटात निराळी यंत्रे आहेत, आणि कोणते यंत्र आहे यावर रोजच्या वापरातले निम्मे उत्तर अवलंबून असते.

एम2मध्ये झेडएफ या जर्मन कंपनीच्या 8एचपी मालिकेतली पेटी, म्हणजे गिअरबॉक्स, आहे आणि ती टॉर्क कन्व्हर्टरची आहे. इंजिनाकडची पाती तेल फेकतात, त्या तेलाच्या माऱ्याने गिअरबॉक्सकडची पाती फिरतात, आणि गाडीने थोडा वेग घेतला की मधला लॉक-अप क्लच बसून दोन्ही बाजू एकजीव होतात. याचा अर्थ असा की सिग्नलला, रॅम्पवर, स्पीडब्रेकरवर तिरपी गाडी घेताना जी घसट व्हायची ती तेलात होते. तेल तापते, पण ते फिरते राहते आणि कूलरमधून निवून येते. झिजायला तिथे अस्तर नसते. मी ज्या रॅम्पवर क्लच गेलेले पाहिले, त्याच रॅम्पवर ही पेटी वर्षानुवर्षे तक्रारीविना चढताना पाहिली आहे.

ऑटोमॅटिकचा दुसरा प्रकार म्हणजे ड्युअल क्लच, त्याचे तसे नाही. त्यात विषम गिअरसाठी एक आणि सम गिअरसाठी एक असे दोन क्लच असतात, पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला असतो, आणि एक क्लच सुटत असतानाच दुसरा धरतो, म्हणून गिअर बदलताना ताकद तुटत नाही. पळत्या गाडीत यासारखे सुख नाही. पण खाली, चालत्या माणसाच्या वेगाने सरकताना, यातही खरा क्लचच अर्धवट धरलेला असतो. फरक एवढाच की तो आपल्या पायाऐवजी संगणक धरतो. क्लच तेलात बुडालेला असेल तर उष्णता निघून जाते. कोरडा असेल तर मे महिन्यातल्या दुपारी, एसी चालू ठेवून, येरवड्याच्या गर्दीत तासभर सरकणे त्याला मानवत नाही.

सेकंडहँड घ्यायचा विचार मनात आला, तर हे इथेच सांगून ठेवतो: याआधीच्या पिढीच्या एम2ची, म्हणजे 2016 ते 2021च्या काळातली, ऑटोमॅटिक पेटी ड्युअल क्लचची होती. बीएमडब्ल्यूने आपल्या एम गाड्यांत, एसयूव्ही सोडल्या तर, 2017च्या एम5पासून पुन्हा टॉर्क कन्व्हर्टर आणला, कारण तोपर्यंत ही पेटी गिअर बदलण्यात ड्युअल क्लचच्या जवळ पोहोचली होती आणि हळू वेगात ती जास्त मऊ चालते. वेगवान गाड्या बनवणाऱ्यांनी स्वतः उचललेले हे पाऊल रोजच्या वापराच्या दृष्टीने मला मोलाचे वाटते. जुनी एम2 बघायला गेलात, तर थंड गाडी रिव्हर्समध्ये टाकून रॅम्पवर चढवून पाहा. धक्का किंवा थरथर जाणवली तर पुढे बोलणी करू नका.

आता मॅन्युअलच्या बाजूने जे बोलायला हवे ते मी मनापासून बोलतो, कारण मी स्वतः आयुष्यभर मॅन्युअल चालवत आलो आहे. वरंध घाटात वळणाच्या आधी ब्रेक दाबत, त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला टिचकी देत, तिसऱ्यातून दुसऱ्यात गिअर आल्यावर जो नेमका, न हिसकणारा ठोका बसतो, तो समाधान देणारा असतो आणि स्टिअरिंगमागची, बोटांनी गिअर बदलायची कोणतीही पॅडल ते देत नाहीत. पोर्शेला हे किंमत मोजून कळले. त्यांनी 2013 साली 911 जीटी3 केवळ ड्युअल क्लचमध्ये आणली; गाडी पूर्वीपेक्षा वेगवान होती, तरी मॅन्युअलची मागणी थांबेना, आणि 2017मध्ये त्यांना जीटी3ला मॅन्युअल परत द्यावी लागली. ट्रॅकवर जी पेटी हळू, तीच लोक पैसे देऊन मागत होते. ही ओढ खरी आहे आणि मी तिला कमी लेखत नाही.

पण ती ओढ एम2मध्ये रोज कितपत भागेल, याचा विचार आपण केलेला दिसत नाही. गिअर बदलण्यातला आनंद तेव्हाच मिळतो जेव्हा गिअर बदलण्याची गरज पडते. 480 अश्वशक्तीच्या आणि मॅन्युअलमध्येही 550 न्यूटन मीटर टॉर्क असलेल्या गाडीत शहरात ही गरज पडतच नाही. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन अर्ध्यावरही न नेता आपण आजूबाजूच्या सगळ्यांच्या पुढे असता, तिसरा टाकला की सिग्नल येतो, आणि मग पुन्हा पहिला. म्हणजे मॅन्युअलचा जो कंटाळवाणा भाग आहे, पहिला-न्यूट्रल-पहिला, तोच रोज वाट्याला येतो, आणि जो रसाळ भाग आहे तो महिन्यातल्या एका रविवारासाठी उरतो. त्या रविवारीही ताम्हिणीत पर्यटकांच्या रांगा, आडव्या लावलेल्या गाड्या आणि धबधब्यापाशी रस्ताभर उभी असलेली माणसे असतील, तर तोही भाग पहाटे सहाच्या आत निघाला तरच हाती लागतो.

याउलट 150 अश्वशक्तीची गाडी घ्या. फोक्सवॅगन व्हर्टसचे दीड लिटरचे टर्बो इंजिन 250 न्यूटन मीटर देते आणि सहा गिअरच्या मॅन्युअलसह येते. ती घेऊन खंबाटकी चढताना ट्रकला ओलांडायचे असेल, तर वेळेवर खालचा गिअर टाकावाच लागतो, इंजिन फिरवावेच लागते, आणि एवढे करूनही आपण वेगमर्यादेच्या आसपासच असता. तिथे गिअरच्या दांड्याला काम असते. ह्युंदाई आय20 एन लाईनच्या एक लिटर टर्बोला 2023पासून सहा गिअरची मॅन्युअल मिळते, तिथेही हेच. या वर्गात मी मॅन्युअलच सुचवतो, आणि त्याला यंत्राचेही कारण आहे: व्हर्टसच्या या इंजिनासोबत येणारी सात गिअरची ड्युअल क्लच पेटी कोरड्या क्लचची आहे आणि ती 250 न्यूटन मीटरपर्यंतच्याच टॉर्कसाठी आखलेली आहे, म्हणजे इंजिन तिच्या मर्यादेवरच चालते. ती घेऊ नये असे मी म्हणत नाही. घेतलीत तर गर्दीत पुढच्या गाडीमागे हातभर सरकण्याऐवजी गाडीभर जागा मोकळी होऊ द्यावी, मग एकदाच सरकावे, आणि थांबल्यावर ब्रेक घट्ट दाबून ठेवावा, म्हणजे क्लच पूर्ण सुटतो. मोकळ्या सोडलेल्या जागेत दोन दुचाक्या घुसतील. घुसू द्याव्यात.

म्हणजे ताकद जितकी वाढत जाते तितके रोजच्या रस्त्यावर मॅन्युअलचे देणे कमी होते आणि तिचे मागणे वाढते, कारण जास्त टॉर्क पेलणारा क्लच जास्त जोराने धरणारा असतो, तो सोडताना नेमकेपणा लागतो आणि बदलायची वेळ आली तर सुटे भाग परदेशातून यायची वाट बघावी लागते. हा खर्च वॉरंटीत बसेल असे धरून चालू नये; क्लचचे अस्तर ही झिजणारी वस्तू मानली जाते, वाढीव वॉरंटी घेतली तरी. करारातली ती ओळ सही करण्याआधी वाचावी.

पावसाबद्दलही बोलले पाहिजे. ही गाडी मागच्या चाकांवर चालते. जूनमध्ये पहिल्या सरीनंतर रस्त्यावर तेल आणि धुळीचा जो थर सुटतो, किंवा श्रावणात ताम्हिणीच्या सावलीतल्या वळणांवर जे शेवाळ धरते, त्यावर मागची चाके ताकदीने जशी सुटतात तशीच ती चुकीच्या वेळी टाकलेल्या खालच्या गिअरनेही सुटतात. क्लच झटक्यात सोडला आणि इंजिनाचा वेग चाकांशी जुळलेला नसला, तर क्षणभर मागची चाके अडतात आणि गाडी शेपूट हलवते. एम2च्या मॅन्युअलमध्ये खालचा गिअर टाकताना इंजिनाचा वेग आपोआप जुळवून देणारी सोय आहे. ती बंदही करता येते, पण पावसाळ्यात ती चालूच ठेवावी, मग पाय कितीही सरावलेला असो. ऑटोमॅटिकमध्ये हे काम पेटी स्वतः करते.

ऑटोमॅटिकवाल्यांची चूक वेगळ्या ठिकाणी होते. पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना अनेकजण गाडी डी वर सोडून देतात, पेटी वरचे गिअर धरते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सुमारे 1,700 किलोची गाडी अशी उतरवली की अर्ध्या घाटात ब्रेकचा वास येतो. डाव्या पॅडलने दुसरा किंवा तिसरा गिअर धरून ठेवावा आणि इंजिनाला गाडी अडवू द्यावी. पॅडल याचसाठी आहेत. आणखी एक: या पेटीचे तेल जन्मभराचे आहे असे आपल्याला कोणी सांगेल. बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ते बदलायला सांगते, आणि पुण्याच्या उन्हात व कोंडीत मी लहान आकडा धरतो.

आपल्या घरात एखादी लहान ऑटोमॅटिक गाडी असती, जी रोज खराडीला गेली असती, तर मी याच्या अगदी उलट लिहिले असते. मग एम2 मॅन्युअल घ्या आणि रविवारी पहाटे बाहेर काढा, असे मी आग्रहाने म्हटले असते, कारण अशा गाड्या आता मोजक्याच उरल्या आहेत. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय 2025 मध्ये आपल्याकडे आली ती केवळ ड्युअल क्लचमध्ये, आणि एम2चीच अधिक ताकदीची सीएस आवृत्ती केवळ ऑटोमॅटिकमध्ये मिळते. तेव्हा दुसरी गाडी ठेवणे शक्य असेल, अगदी जुनी, लहान अशी, तर निर्णय बदलतो. ते शक्य नसेल तर बदलत नाही.

आपल्या प्रश्नात पत्नीचा उल्लेख एका ओळीत आला आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकाच क्लचवर दोन वेगळ्या सवयींचे पाय पडणार आहेत. त्यांना मॅन्युअल आवडते की चालते, हे त्यांना स्वतंत्रपणे विचारावे; बसण्याची जागाही दोघांनी वेगवेगळी लावून बघावी. क्लच तळापर्यंत दाबला असता गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे आणि तरीही स्टिअरिंग हाताशी असले पाहिजे. उंचीत फरक असेल तर एकाला हे जमते आणि दुसऱ्याला सीट फार पुढे ओढावी लागते, मग तासाभरात पोटरी भरून येते. शोरूमच्या दहा मिनिटांच्या फेरीत हे कळत नाही.

तेव्हा चाचणीसाठी गाडी मागताना संध्याकाळी साडेसहाची वेळ मागा आणि आपल्याच रस्त्याने जा. रिकाम्या बायपासवर नेऊन आणणारी चाचणी नाकारा. मॅन्युअल मिळाली तर दोघांपैकी प्रत्येकाने ती आपल्या सोसायटीच्या रॅम्पवर दोनदा पुढे आणि एकदा उलटी चढवावी, वळणापाशी मुद्दाम थांबून. एकजण चालवत असताना दुसऱ्याने आत बसू नये, रॅम्पच्या डोक्याशी उभे राहावे आणि ऐकावे: गाडी हलण्याच्या आधी इंजिनाचा आवाज वर जातो का, आणि गेला तर किती वेळ वर राहतो. तिसऱ्या खेपेला गाडी वर येऊन थांबली की पुढच्या चाकामागे वाकून एकदा वास घ्यावा.